तोलेदोची किल्ली

निमिष, तो फोन ठेव आधी. आणि स्वानंदी, बेसमेंटचा लाइट राहू दे, नाहीतर उद्या तुझी आई म्हणायची, मनोहरकाकांनी पोरीला घाबरवलं.

गिरीश माझ्याच ऑफिसातला. नेपरव्हिलला नवं घर, घरात तीन महिन्यांची आन्या. सासूबाई पुण्याहून मदतीला आलेल्या. १४ जानेवारी २००६, शनिवार, संक्रांत. रात्री सासूबाई म्हणाल्या, "बाळ झोपेत दचकतंय. उशाखाली लोखंड हवं. अडकित्ता आहे का?" अमेरिकेत कुठला अडकित्ता? गिरीश म्हणाला, "आई, जुनी लोखंडी किल्ली चालेल?"

ती त्यानं स्पेनमधल्या तोलेदोत घेतलेली, प्रोजेक्टवर गेला होता तेव्हा. एकाच टेकडीवर चर्च, जुनी मशीद, ज्यूंचं सिनेगॉग. गाइडनं त्याला एका घराच्या चौकटीतली तिरकी खोबण दाखवली. तिथे ज्यू लोक प्रार्थनेची गुंडाळी ठेवायचे, येता-जाता तिला बोटं लावून ओठांना टेकवायचे. पाचशे वर्षांपूर्वी राजाराणीनं त्यांना देशाबाहेर हाकललं. म्हणे, जाताना घराच्या किल्ल्या बरोबर नेल्या. परत येऊ म्हणून.

आणि हा शहाणा तसली एक किल्ली बाजारातून सूव्हेनिर म्हणून उचलून आणतो. मी तेव्हाच म्हटलं होतं, गाढवा, दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्या घरात कशाला? ऐकतो कोण.

तर ती किल्ली बाळाच्या उशाखाली गेली. सासूबाई त्याच खोलीत झोपल्या.

दोन वाजून दहा मिनिटांनी गिरीशला जाग आली. खाली फ्रंट डोअरच्या कुलपात कुणीतरी किल्ली फिरवत होतं. सावकाश. मग जोरात. मग थांबलं...

जिन्यावर पावलं. पुष्कळ. म्हाताऱ्यांची. पोरांचीही.

त्याला उठता येईना. शेजारी उत्तरा, त्याची बायको, डोळे उघडे ठेवून पडलेली. तिलाही हलता येईना. पावलं बाळाच्या खोलीत गेली. तिथे एक पुरुष बोलला. एकच शब्द. परत परत. भाषा कळत नव्हती. अर्थ दोघांनाही कळला.

चालते व्हा.

मग... काही नाही.

अंग सुटलं तसा गिरीश धावला. सासूबाई गाढ झोपेत. पाळणा रिकामा. उशीखाली किल्ली नाही. खाली आला. दार आतून बंद, साखळीसकट. त्यानं उघडलं.

बाहेर उणे पंधरा. पायरीवर, बर्फात, आन्या. दुलईत नीट गुंडाळलेली. रडत नव्हती. नुसती घराबाहेर काढलेली.

वाचली. पण सकाळी बाळाच्या खोलीच्या चौकटीत, उजव्या बाजूला, बोटभर तिरकी खोबण. गिरीशनं लांबी भरली, रंग दिला. बुजत नाही.

"मग घर विकलं का नाही, काका?"

अरे, सध्या मार्केट पडलंय. घेतंय कोण?

परवा मी गेलो होतो त्यांच्याकडे. आन्या आता पावणेतीन वर्षांची. खोलीत शिरताना थांबली, स्टूल ओढत आणलं, वर चढली. खोबणीला बोटं लावली आणि ओठांना टेकवली. तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

मग माझ्याकडे वळली. "काका, गो होम," म्हणाली.

मी चहा तसाच टाकून निघालो.