चार तारखांचा तारा

सत्काराला दोन तास उरले असताना पुण्याच्या खगोल केंद्रातून फोन आला.

"प्राध्यापक कटरे, तुमचा तारा हलतो, मान्य. पण तुम्ही दुसऱ्या ताऱ्याचेही फोटो पाठवलेत. तो आकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तोही नेमका त्याच दिवशी हलतो. कसा?"

प्रफुल्ल कटरेंनी फोन ठेवला. नागपूरकडच्या गोरेगावच्या कॉलेजभर फ्लेक्स लागले होते: 'ताऱ्याचा अंधुक सोबती शोधला!' असा सोबती दिसत नाही. तारा किती डुलतो, त्यावरून त्याचं वजन काढतात. कटरेंनी काढलं होतं: वीस गुरू ग्रहांएवढं.

पत्रकारांनी आधीच गाठू नये म्हणून प्राचार्यांनी गच्चीवरच्या दुर्बिणीच्या खोलीला बाहेरून कडी घातली होती. आत तिघं: कटरे, गणिताच्या अल्का मेश्राम आणि शिपाई शालीकराम. फेब्रुवारीतच पत्रा तापला होता.

"दोन तारे ठरवून हलत नाहीत," अल्का म्हणाल्या. "हललं ते इथलंच काही. दुर्बिणीला हात कोण लावतं?"

"कोणी नाही. किल्ल्या दोनच. एक माझी, एक शालीकरामची."

"शालीकरामभाऊ?"

"मी झाडझूड करतो मॅडम. फोटोच्या टायमाले त मी घरी राहतो."

अल्कांनी भिंगाच्या कड्यावरून बोट फिरवलं. लाल झालं.

"गंज," कटरे म्हणाले.

"पितळेला? तारा कोणत्या तारखांना सरकला?"

"दोन हजार चारला बावीस ऑक्टोबर. पुढच्या वर्षी बारा. मग दोन. गेल्या वर्षी एकवीस."

अल्कांनी बोटांवर दिवस मोजले.

"दोनदा दहा दिवस मागे, मग एकदम एकोणीस पुढे. ताऱ्याला अधिक महिना कोणी शिकवला, सर? या चारही दिवशी मी नागपूरला दीक्षाभूमीवर होते. चारही दसरे आहेत. तुमच्याकडे दसऱ्याला यंत्रं पुजतात. कोणीतरी भिंग काढतं, धुतं, कुंकू लावतं, परत बसवतं. दरसाल जरा वेगळं बसतं आणि अख्खं आकाश सरकतं. तुम्ही वजन केलंत ते या पूजेचं."

शालीकरामनं मान खाली घातली. "केली ना जी पूजा. पण सरनंच त सांगितलं होतं पहिल्या साली. परसादही नेत होते."

"पेढे?" अल्कांनी कटरेंना विचारलं.

"बत्तासे," कटरे म्हणाले.

कडी वाजली. प्राचार्य हार घेऊन उभे. "चला, पाहुणे आले."

फक्त 'हो' म्हणायचं होतं. कटरेंनी घाम पुसला.

"सर, सोबती नाहीच. चूक माझी. फ्लेक्स उतरवा."

प्राचार्यांनी कटरेंकडे पाहिलं, मग हाराकडे. दार लागलं. कडीही.

थोड्या वेळानं खालून माइक घुमला: "प्राध्यापक कटरे यांची प्रकृती अचानक बिघडल्यामुळे त्यांचा सत्कार माननीय प्राचार्य स्वीकारतील."