छापलेला हार

धुळ्याच्या नाट्यगृहाच्या दारातच नर्मदाबाई थबकली... आणि तिच्या अंगाची लाहीलाही झाली!

दारावर उंच फ्लेक्स. त्यावर तिच्या नवऱ्याचा, मोतीलालचा, हसरा चेहरा. खाली ‘ज्येष्ठ अभिनेत्याचा जाहीर सत्कार’. आणि फोटोला चंदनाचा हार!

“अहो, काढा तो हार!”

“निघणार नाही, अक्का,” आयोजक भूपेंद्र ओशाळून म्हणाला. “छापलेलाच आहे. मालिकेतून घेतला ना फोटो. लोक भाऊंना त्याच फोटोवरून ओळखतात...”

आणि ज्याचा हार, तो इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी उभा! हसत होता!

(मागे जाऊ. फार नाही.)

हवालदार, तलाठी, न्यायाधीश, नवरीचा बाप... रंगमंचावर आणि टीव्हीवर मोतीलालनं उभा जन्म अशी माणसं केली. चेहरा सगळ्यांना ठाऊक, नाव कुणालाच नाही. उतारवयात एका मालिकेत घरचा कर्ता झाला. पहिलीच मोठी भूमिका! आणि एके दिवशी मालिकेनं त्याला मारून टाकलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो त्या घराच्या भिंतीवर, हारासकट. जळगावच्या दुकानात प्रकाशचंद शेठ साडी उलगडता उलगडता थांबले होते, “भाभी, भाऊ तर ठीक आहेत ना? काल टीव्हीवर पाहिलं, काळजात धस्स झालं.”

नर्मदाबाई रोज त्या वेळी टीव्हीवर टॉवेल टाकायची.

“जिवंतपणी हार घालतात, आणि तुम्ही गप्प! माणूस आहात की बाहुला?”

“सोयीचं आहे गं. संवाद पाठ करावे लागत नाहीत.”

(पुन्हा दार.)

नर्मदाबाई नखांनी फ्लेक्स खरवडू लागली. एकेक छापील फूल! जन्मभर एकटीनं घर ओढलं ते ह्यासाठी? ह्या हारासाठी?

तिचा हात कुणीतरी धरला. रंगपट सांभाळणारा हिलाल, मोतीलालचा जुना सोबती.

“नखं नका मोडू, वहिनी. तो हार त्यानी सोता मांगेल शे.”

“काय? ह्यांनी स्वतः मागितला?”

“हिलाल, गप रे!” मोतीलालचं हसू मावळलं.

“बठ्ठास्ले माहीत शे, वहिनी, तुम्हलेच नही. तुमचं ऑपरेशन व्हतं ना? शूटिंगवाला म्हणनात, तारखा सोडशी तर तुले मारी टाकसूत. हाऊ म्हणना, मारा! अन् बठ्ठं सोडीसन गाडीमा बसना.”

...दवाखाना. शुद्धीवर आली तेव्हा हाच माणूस उशाशी बसून तिच्या केसांतला गुंता सोडवत होता. ‘सुट्टी मिळाली,’ म्हणाला होता. ती पुन्हा चालू लागेपर्यंत संपलीच नव्हती ती सुट्टी!

“का नाही सांगितलं?” ती मोतीलालकडे वळली.

“तू मला परत धाडलं असतंस.”

“आणि नंतर? मी बाहुला म्हणत होते तेव्हा?”

“तेव्हा तुझ्यात भांडायचं बळ आलं होतं, नर्मदे... ते ऐकायला बरं वाटायचं.”

ती रडली. पण संताप काही विझला नाही! बायको आजारी पडली म्हणून माणूस मारतात?

आत मंचावर भूपेंद्रनं खऱ्या फुलांचा हार उचलला. सवयीनं मोतीलालनं मान वाकवली...

“हार नको!”

नर्मदाबाई मंचावर चढली, माईक ओढून नवऱ्यापुढे धरला.

“ह्यांना बोलू द्या. फार दिवस भिंतीवर गप्प बसलेत!”

दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला शब्दच सापडेना. मग त्यानं तिचा मोडलेल्या नखांचा हात हातात घेऊन लोकांसमोर उंच धरला.

“ही... नर्मदा.”

एवढंच बोलला.