चादरीचं दुसरं टोक

त्या दुपारी लाँड्रीवाल्या बाईंना एकच काम उरकायचं होतं, दवाखान्याच्या एकशेवीस चादरींच्या घड्या. पाच वाजता गाडी येणार होती. गेल्या सात आठवड्यांत दोनदा उशीर झाला होता. आता तिसऱ्यांदा झाला तर काम दुसरीकडे जाईल, असं दवाखान्यातून सरळ सांगून झालं होतं. म्हणजे लाँड्रीला कुलूप आणि उरलेला जन्म दादाच्या घरी. दादा वाईट नव्हता, पण वहिनीच्या स्वयंपाकघरात आपण कायमच्या पाहुण्या, हे बाई ओळखून होत्या.

चादरीची घडी हे दोघांचं काम. दोन कोपरे एकाच्या हातात, दोन दुसऱ्याच्या. हिसका देऊन ताणायची, मग समोरासमोर चालत यायचं आणि कोपरे एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचे. वीस वर्षं पलीकडे नवरा होता. सात आठवड्यांपूर्वी तो इथेच, गरम पाण्याच्या टाकीपाशी, बोलता बोलता खाली बसला तो उठलाच नाही. समजूत घालायला पुष्कळ जण आले. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या की दुःखालाही काहीतरी अर्थ असतो. बाईंनी मान डोलावली. असेल बापडा, त्या मनात म्हणाल्या, पण त्याला ओल्या चादरी पिळता येतात का, तेवढं विचारून सांगा.

खोलीत वाफ कोंडली होती. चार हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं. एकटीने घडी घालताना चादर जमिनीला लागायची, आणि लागली की पुन्हा धुणं आलंच. साडेतीन वाजले तरी तीससुद्धा झाल्या नव्हत्या. बाई रडकुंडीला आल्या. आणि त्या तंद्रीत त्यांच्या हातून जुन्या सवयीची चूक झाली. दोन कोपरे स्वतःकडे ठेवून त्यांनी उरलेली चादर समोर भिरकावली, नवरा झेलायचा तशी.

चादर खाली पडली नाही.

पलीकडून हिसका बसला. चादर ताठ झाली आणि बाईंच्या अंगावर काटा आला. हे भय की आनंद, त्यांना काहीच समजेना. पळायला हवं होतं, पण पाय सवयीने पुढे चालू लागले. वाफेतून दोन कोपरे त्यांच्या हातात आले आणि पलीकडचं कोणीतरी मागे सरलं.

त्यांनी दुसरी चादर टाकली, मग तिसरी. पन्नासाव्या चादरीला त्या बोलू लागल्या होत्या. असं कोणी जातं का, न सांगता? टाकीची किल्ली कुठे ठेवता ते तरी सांगायचं होतं. किती शोधली मी, माहीत आहे? भांडून झालं, रडून झालं. पलीकडून चकार शब्द आला नाही. नवरा तसाही फारसा बोलणाऱ्यातला नव्हताच, त्यामुळे बाईंना त्यात वावगं वाटलं नाही.

शेवटच्या चादरीला बोटांना बोटं लागली. गार होती, बारीक होती. बाईमाणसाची. हाताच्या पाठीवर सलाइनची सुई टोचलेल्या जागी अजून पांढरी पट्टी होती.

"कोण... कोण तुम्ही?"

"यातली एक माझी होती..." आवाज अगदी हळू होता. "घडी नीट झालेली बघायची होती."

तरीही बाईंनी विचारलंच. "आमचे हे... तिकडे दिसले का हो?"

हात वाफेत मागे गेला.

पाचला गाडी आली. ड्रायव्हर गठ्ठे बघून चाट पडला. एकटीने कसं जमवलंत, म्हणाला. बाईंनी गठ्ठे पुढे सरकवले. आता काम कुठे जात नव्हतं, लाँड्री चालू राहणार होती, एवढंच त्यांना उमगत होतं.

"बाई, एक जास्त भरतेय," ड्रायव्हर म्हणाला. "हिच्यावर दवाखान्याचा शिक्का नाही."

निळी चादर होती, चारही कोपरे जुळवून घडी घातलेली. काठाला बाईंच्या हातचा रफू होता. याच चादरीत गुंडाळून नवऱ्याला नेलं होतं, आणि ती त्याच्याबरोबरच चितेवर गेली होती.

ठेवू की नेऊ, असं ड्रायव्हरने दोनदा विचारलं. बाईंनी चादर छातीशी धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. ती स्वच्छ धुतलेली होती. पण तिला येणारा वास त्यांच्या साबणाचा नव्हता, कुठल्यातरी भलत्याच साबणाचा होता.