घुंगुरमाळेचं गिऱ्हाईक

"वस्तू गेली, पैसे गेले, आणि आता धंदाबी जातोय," असं म्हणून वर्षाराणी पाटील समोरच्या खुर्चीत मटकन बसली.

पद्मजा इनामदार बँकेतली नोकरी सोडून ऑनलाइन फसवणुकीचे तपास करत. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्यांच्या ऑफिसात दुसरी खुर्ची जोतीरामची. हा निवृत्त हवालदार. रस्त्यावरचा चोर त्यानं अजूनही पळत जाऊन धरला असता. मोबाइलमधला चोर मात्र त्याला दिसत नसे, आणि हे कबूल करायला त्याची जीभ रेटत नसे.

वर्षाराणी खेडोपाडी फिरून जुनी पितळी भांडी, दिवे, घंटा जमवायची आणि इंटरनेटवर लिलावात विकायची. तिनं बैलाची एक जुनी घुंगुरमाळ विकली. कार्डावरून पैसे आले, तिनं माळ पाठवली. आणि महिन्याभरानं कार्डाच्या मालकानं आपल्या बँकेला कळवलं, 'हा व्यवहार माझा नाही.' बँकेनं पैसे परत ओढले. मधल्या पेमेंट कंपनीनं तिचं सगळं खातं गोठवलं. आज संध्याकाळपर्यंत खुलासा केला नाही, तर खातं बंद.

"एका माळेपायी?" जोतीरामनं विचारलं.

"मालाची किंमत कोण बघतं, भाऊ? तक्रारी मोजतात. हिच्यावर आधीच्या दोन आहेत," पद्मजा म्हणाल्या. "कार्ड परदेशी बँकेचं. तसल्या कार्डांना आपल्यासारखा ओटीपी दर वेळी लागत नाही. गिऱ्हाईक मात्र जी. पाटील, गाव नेसरी. कुरियरच्या ऑफिसातून माल नेणार."

"कोल्हापुरात दगड मारला तर पाटलालाच लागतोय," जोतीराम पुटपुटला.

"गिऱ्हाइकानं आधी काही विचारलं होतं?"

वर्षाराणीनं मोबाइलवरचा निरोप दाखवला. 'माळ घासू नका. मागचा निळा दोरा सोडू नका.' खाली माळेचा फोटो होता, समोरून काढलेला. नुसते घुंगरू दिसत होते.

"एवढाच फोटो टाकलात?"

"एवढाच की."

"आणि मिस्टरांना हे सगळं सांगितलंत?"

"न्हाय बाई. विजयसिंह मस्कतला असत्यात. तेंच्या डोक्याला आधीच ताप. तेंच्याबी कार्डावर कुणीतरी डल्ला मारला म्हणं, नवं कार्ड घ्यायला लागलं."

जोतीरामनं मान हलवली. टोळीच असणार, त्याचं ठरून गेलं.

नेसरीच्या कुरियर काउंटरवरचा राजवीर फोनवर आला. "म्हातारं माणूस हुतं, बाई. पटका बांधलेलं. वळखपत्र बघितलं की मी, पाटीलच! खोकं कानाला लावून हलवलं, आन् मग सही केली."

"ह्यो काउंटरवालाच खोटारडा," फोन ठेवल्यावर जोतीराम म्हणाला. "माल हेनंच हाणलाय."

पद्मजांनी तिकडं लक्ष दिलं नाही. "माळ आणली कुठून?"

"आमच्याच घरातली. मुरगूडला सासरे असत्यात. बैलं इकली, तवापासनं खुंटीला पडून हुती. मी इचारलंतं की. 'ने' म्हणाले."

"मग मुरगूडलाच जाऊ."

मुरगुडात सासऱ्यांनी, गुंडू आण्णांनी, अंगणात घोंगडं टाकलं, ताक दिलं. पद्मजांनी माळेचा विषयच काढला नाही, तब्येत विचारली.

"रक्तदाब हाय न्हवं. गोळ्या मोबाइलवरनं मागवतो," आण्णा जरा तोऱ्यात म्हणाले. "विजयनं तेचं कार्ड घालून दिलंय त्यात. पर महिना झाला, कार्ड चालंना बघा."

पद्मजांनी पेला खाली ठेवला. "आण्णा, माळ आत आहे ना?"

म्हाताऱ्याचा हात गुडघ्यावर थांबला. मग त्यानं हळूच मान डोलावली.

"जोतीरामभाऊ, आपलं काखेत कळसा नि गावाला वळसा झालं," पद्मजा हळू आवाजात म्हणाल्या. "निळा दोरा माळेच्या मागच्या बाजूला. फोटोत तो नाहीच. माळ ज्यानं हाताळली, त्यालाच तो ठाऊक. खोकं न उघडता आवाजावरून माळ ओळखली, म्हणजे ती वर्षानुवर्षं ऐकणारा माणूस. इथं मुरगुडात पार्सल घेतलं असतं तर सुनेच्या कानावर गेलं असतं, म्हणून नेसरी. पैसे गोळ्यांसाठी घालून दिलेल्या कार्डातून गेले. विजयसिंहांच्या हिशेबात वर्षाराणीचं नाव आलंच नाही, पेमेंट कंपनीचं आलं. त्यांना वाटलं चोरी झाली. तक्रार केली, कार्ड बदललं. म्हणून आण्णांच्या गोळ्या अडल्या. चोर कुणीच नाही. नवऱ्यानं नकळत बायकोच्याच धंद्यावर तक्रार केली."

एकाच घरातली तिघं, आणि तिघांचीही हाताची घडी, तोंडावर बोट! जोतीरामला गुन्हेगार सापडल्याचा आनंद होईना.

"आण्णा, परत मागायची की माझ्याकडं," वर्षाराणी म्हणाली.

"दिलेली वस्तू मागायची कशी, पोरी? बैलं गेली, एवढंच ऱ्हायलंतं. पर लगीन होऊन आल्यापास्नं तू पहिल्यांदा काय मागितलंस. न्हाय कसं म्हणू? म्हटलं, गिऱ्हाईक हून घ्यावी. तुझाबी धंदा हुईल, माळबी घरात ऱ्हाईल. विजयला गोळ्यांच्या हिशेबासंगं हळूच सांगणार हुतो."

"आणि तुम्ही 'ने' म्हणाल्यावर मी लगेच उचलली. तुमच्या तोंडाकडं बघितलंच न्हाय," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

विजयसिंहला फोन लागला. पद्मजांनी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी आधी घरात इचारायला पायजे हुतं." त्यानं तिथल्या तिथं बँकेला कळवून तक्रार मागे घेतली. पद्मजांनी सगळा खुलासा लिहून कंपनीला पाठवला. मुदत अजून टळली नव्हती. सगळे अंगणातच थांबले.

दिवेलागणीला वर्षाराणीचा मोबाइल वाजला. शेजारी बसलेल्या जोतीरामनं पडद्यावरचं वाचलं. तक्रार मागे घेतल्याची नोंद झाली होती. पण एकूण तक्रारी वाढल्यामुळे खातं कायमचं बंद करण्यात येत होतं.

"काय म्हणत्यात?" गुंडू आण्णांनी विचारलं. "माझ्यापायी तुझं काय गेलं तर न्हाय?"

वर्षाराणीनं मोबाइल पालथा ठेवला.

"काय न्हाय, आण्णा. झालं की सुरू."

"लई ब्येस झालं बघ," म्हातारा म्हणाला आणि दुपारपासून पहिल्यांदा हसला.

जोतीरामनं तोंड उघडलं. न बोलण्यानंच एवढं घडलं, आणि पुन्हा तेच चाललंय, हे त्याला कळत होतं आणि फार वाईट वाटत होतं. पण पद्मजांनी त्याच्याकडं पाहून 'नको' अशी मान हलवली. तो उठला आणि गाडी वळवून घ्यायला गेला.