हेडलाइटमधल्या गाठी

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या घरात घडली आणि त्याने स्वतः मला सांगितली.

रात्रीची नाही. भर दुपारची. शनिवारची. मागच्या खोलीतली.

वहिनी जाऊन आठ महिने झाले होते. लेक दादाला आपल्याकडे न्यायला आली होती. घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं. प्रश्न उरला होता जुन्या मोटरसायकलचा.

"बाबा, उद्या संध्याकाळी भंगारवाला येतोय. तोपर्यंत चालू झाली तर घेऊन चला. नाहीतर ती जाईल."

"जाईल म्हणजे? ती काय पाहुणी आहे?"

दादाने महिनाभर खपून इंजिन जाग्यावर आणलं होतं. टाकीचा गंज काढला होता. घोडं अडलं ते तारांपाशी. जुनं वायरिंग उंदरांनी कुरतडलं होतं, म्हणून त्याने नवं आणलं. सगळ्या तारा हेडलाइटच्या वाटीत येतात. तिथे रंगाला रंग जोडायचा, बस.

आणि दादाला रंगच कळत नाहीत.

लाल, हिरवा, तपकिरी... त्याला सगळा एकच चिखल.

हे फक्त वहिनीला माहीत होतं. दादा कारखान्यात क्रेन चालवायचा. बाहेर फुटलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून गाडीचं काम निघालं की वहिनी शेजारी बसायची आणि तारांना शिवणाचा दोरा बांधायची. लालला एक गाठ, हिरव्याला दोन, तपकिरीला तीन. दादा बोटांनी गाठी मोजायचा. तीस वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

त्या शनिवारी मागच्या खोलीत तो अंदाजाने जोडत होता. हॉर्न दाबला की ब्रेकचा दिवा लागायचा. इंडिकेटर लावला की फ्यूज उडायचा. पाच फ्यूज उडाले. शेवटी त्याने ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला.

"अहो, रंगाला रंग जोडा! बालवाडीतलं पोरही करेल."

दादाने फोन कापला. पक्कड भिंतीवर भिरकावली.

"गेलीस ती गेलीस, मला आंधळा करून गेलीस!" रिकाम्या खोलीत तो ओरडला.

मग स्वतःचीच लाज वाटून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. लेक टेम्पोवाल्याशी बोलायला बाहेर गेली होती. पुढच्या दाराला आतून कडी होती. मागच्या खोलीला दुसरं दार नाही.

तेव्हा आवाज आला...

टच्.

बारीक. ओळखीचा.

वहिनी कधी कात्री घ्यायची नाही. दोरा दातांनी तोडायची.

टच्... टच्...

दादाच्या हातात पेला तसाच राहिला. त्याने मोजले. आठ. मग सगळं गप्प. मागे चालू ठेवलेल्या पंख्याची घरघरसुद्धा येईना.

तो गेला तेव्हा पंखा फिरत होता. खोलीत कुणी नव्हतं.

त्याने वाटीत हात घातला...

बोटांना गाठी लागल्या.

नव्या तारांवर. वहिनी गेल्यानंतर आणलेल्या.

दोरा ओला होता.

दुसरा कुणी पळून गेला असता. दादा खाली बसला आणि जोडू लागला. अंधार पडेपर्यंत हॉर्न वाजला, दिवे लागले, इंडिकेटर मिचमिचले.

दोन तारा मात्र राहिल्या. त्यांना गाठच नव्हती.

एक तपकिरी, कॉइलची. ती जोडल्याशिवाय ठिणगी नाही. दुसरी हिरवी, चुकून तिथे लागली तर फ्यूज जाणार. पण कुठली कुठली, ते त्याला ओळखता येईना. आणि फ्यूज उरला होता एकच.

"एवढं केलंस, मग हे का नाही?"



रविवारी तो सकाळपासून स्वयंपाकघरात जाऊन बसत होता. पाणी पीत होता. परत येऊन चाचपत होता. गाठ नाही. आधी विनवण्या केल्या, मग चिडला, मग रडला. "बांध ना गं. दोनच तर आहेत."

पाच वाजता भंगारवाल्याची गाडी दारात लागली.

"बाबा, येऊ देऊ ना त्याला आत?"

दादाने दोन्ही तारा लेकीसमोर धरल्या. "यातली तपकिरी कुठली गं?"

ती हसली. "काय बाबा, डोळे..." मग त्याच्या तोंडाकडे बघून थांबली. तिने एका तारेला बोट लावलं. "ही."

चौथ्या किकला गाडी चालू झाली. भंगारवाला बडबडत निघून गेला. दुसऱ्या दिवशी टेम्पोत सामानाबरोबर गाडीही गेली.

महिन्याभराने नव्या भाडेकरूचा फोन आला.

"काका, काल वायरमनने सगळे स्विचबोर्ड नवे बसवले. आज एक उघडला, तर आतल्या तारांना दोरे बांधलेत. गाठी मारून. म्हणून बाकीचे उघडले. सगळीकडे तेच. तुमच्याकडे अशी काही पद्धत होती का?"

दादाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काढून टाकू का, काका?"

त्याने फोन ठेवला.

मला मात्र तो भेटला की एकच विचारतो. "आठ बांधल्या. मग नेमकी गाडी चालू करणारीच का सोडली? मी निघू नये म्हणून?"

मी विषय बदलतो.

गाडी लेकीच्या दारात उभी आहे. एका किकला चालू होते. त्या जुन्या घराकडे जायला जेमतेम दीड तास लागतो... दादा दर रविवारी हेल्मेट घालून गाडीवर बसतो आणि तसाच उतरतो.