पाचवा नकार

मामांचा पाय मुरगळला नसता तर मी त्या दिवशी तिथे गेलोच नसतो.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा, आणि मालकही. शिलाई मशीन दुरुस्तीचं आमचं दुकान. कारखान्यांची कामं मामा करायचे, मी दुकानात बसून घरगुती मशिनी उघडायचो. त्या सकाळी फोन आला, हॉस्पिटलचे गाऊन शिवतात त्या कारखान्यातली एक मशीन टाका सोडतेय. मामा पाय बादलीत घालून बसलेले. म्हणाले, "जा तू. आणि तिथे पुस्तकातलं ज्ञान पाजळू नकोस."

मला पुस्तकांचं वेड आहे. कथा-कादंबऱ्या नाही. चांगलं कसं जगावं, काम कसं करावं, वेळ कसा वाचवावा, असली. शाळा लवकर सुटली, म्हणून जे कुणी शिकवलं नाही ते पुस्तकातून घ्यायचं ठरवलं. पद्धत माझी मीच काढली. एक आठवडा, एक धडा. आठवडा संपेपर्यंत पुढचं पान उलटायचं नाही.

हसू नका. फायदा झालाय. 'हत्यार वापरलं की लगेच जागेवर ठेवा' हा धडा केला आणि स्क्रूड्रायव्हर शोधण्यात जाणारा रोजचा अर्धा तास वाचला. 'उद्याची तीन कामं आजच लिहा' केलं आणि गिऱ्हाइकांची बोलणी थांबली. मामासुद्धा मानतात. तोंडाने नाही, पण मानतात.

तर तो कारखाना. वीस मशिनींचा एकदम खडखडाट, हवेत निळ्या कापडाचे बारीक तंतू, तेलाचा वास. आणि सुपरवायझर म्हणून — ती. गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल.

"कालपासून टाका सोडतेय," ती म्हणाली. "सुई बदलून झाली. खालचा दोराही पाहिला."

आता त्या आठवड्याचा धडा होता: समोरच्याचं बोलणं संपलं की मनात पाचपर्यंत मोजा, मगच बोला. मी मोजत होतो. एक... दोन...

"ऐकू येतं ना तुम्हाला?"

परत पहिल्यापासून. एक... दोन... तीन...

"अगं बाई," ती शेजारच्या मशीनवरच्या मावशींना म्हणाली, "मामांनी कुणाला पाठवलंय हे?"

"येतं ऐकू," मी म्हणालो. "मोजत होतो."

मग सगळं सांगावं लागलं. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. ती मात्र हसली नाही. डोळे बारीक करून म्हणाली, "पाच आकड्यांत मी अर्धा गाऊन शिवते. तुमचा लेखक काही शिवत नसावा."

आणि मग हसली. मी टाका दुरुस्त केला की तिच्याकडे बघत बसलो, आता आठवत नाही. पण मशीन चालू झाली, म्हणजे केलाच असणार.

मामांचा पाय तीन आठवड्यांत बरा झाला. तो कारखाना माझ्याकडेच राहिला.

तिथे मला सगळे 'पुस्तकराव' म्हणायला लागले. तिला सगळे 'ताई' म्हणायचे. मी कसा म्हणणार? मी आठ महिने तिला काहीच न म्हणता बोललो. जमतं ते. 'ऐका ना' वर बरंच निभतं. पुढे 'ऐक ना' झालं... ते नेमकं कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मी मशीन उघडली की ती शेजारी येऊन उभी राहायची. हे काय, ते कशाला, हा आवाज का येतो? मी सांगायचो — चाक हाताने हळू फिरव, कान लाव, मशीन स्वतःच सांगते कुठे दुखतंय. ती कान लावायची. तिच्या केसांना कोऱ्या कापडाचा वास यायचा. मी तेव्हा दुसरीकडे बघायचो. म्हणजे, बहुतेक वेळा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "मला माझं स्वतःचं चालू करायचंय. सहा मशिनी. लहान मुलांचे कपडे. माझ्या सख्ख्या मावशीच्या गावी तिची एक खोली रिकामी आहे."

"किती लांब?"

"बसने दोन तास."

मी डबा बंद केला. दोन तास म्हणजे आमच्या दुकानाच्या हद्दीबाहेर.

मग तो आठवडा आला. 'नाही म्हणायला शिका.' हा धडा मला फार लागू होता. शेजारी फुकटात मिक्सर दुरुस्त करून घ्यायचे, चुलतभाऊ सायकल न्यायचा ती पंक्चर करून आणायचा. मी ठरवलं, दिवसाला पाच नकार. वहीत लिहायचे. कारण द्यायचं नाही, कारण दिलं की नकार लुळा पडतो असं पुस्तकात होतं.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत त्या दिवसाचे चार झाले होते. कारखान्यात गेलो, तर ती दारातच उभी. टेप बोटांना गुंडाळत होती, सोडत होती.

"रविवारी... मशिनी बघायला जायचंय मला. मावशीच्या गावाजवळच एक कारखाना बंद होतोय. सातची बस आहे. येतोस?"

"नाही," मी म्हणालो.

चार दिवसांत तोंडाला वळणच पडलं होतं. टेप थांबली.

"काम आहे?"

"नाही. काम नाही."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. आणि आत गेली.

मी बाहेर येऊन वहीत पाचवा नकार लिहिला. खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला.

शनिवारी दुपारी मामा कुणाचातरी पत्ता शोधायला माझी वही चाळत होते. मोठ्याने वाचायला लागले. "मिक्सर, नाही. सायकल, नाही. तिच्यासोबत रविवारी मशिनी बघायला, नाही." चष्मा काढला. "हे काय आहे?"

"नकार."

"अरे गाढवा! तीस वर्षं मशिनी मी बघतोय. मला विचारलं का तिने? तुला विचारलं. का विचारलं असेल, हे तुझ्या कुठल्या धड्यात येतं?"

मी वही परत मागितली.

"आणि मशिनी मिळाल्या की ती जाणार इथून. कायमची. जा, फोन कर."

केला. चार वेळा. उचलला नाही.

रविवारी स्टँडवर पोचलो तेव्हा सातची बस नुकतीच वळणावर दिसेनाशी होत होती. आठची पकडली. खिडकीशी बसून, आयुष्यात पहिल्यांदा, आठवडा संपायच्या आधी पुढचं पान उलटलं. तिथे लिहिलं होतं — नकार म्हणजे कुंपण. आत काही लावलेलं असेल तरच त्याचा उपयोग.

लेखकाची चूक नव्हती. मीच अर्ध्यात थांबून शहाणा झालो होतो.

उतरलो आणि विचारत विचारत पोचलो. बंद कारखान्याच्या शेडमध्ये सहा मशिनी ओळीत मांडलेल्या. ती शेवटच्या मशीनपाशी वाकून, बाह्या वर करून, चाक फिरवत होती. कान लावलेला. वर न बघता म्हणाली, "चार चांगल्या आहेत. पाचवीला तेल पाजलं की चालेल. ही सहावी मेलीये."

मी एकेक तपासली. तिचं सगळं बरोबर होतं.

"तुला मी लागतच नव्हतो," मी म्हणालो.

"मशिनींसाठी नव्हतासच."

"मग तसं सांगायचं ना!"

"सातची बस म्हणाले ना? आणखी काय, दवंडी पिटू?"

मी धड्याचं सगळं सांगितलं. वहीसकट. तिने शांतपणे ऐकलं. "म्हणजे माझा नंबर मिक्सरच्या खाली?"

"सायकलच्याही."

हसू ओठांपर्यंत आलं तिच्या, पण तिने येऊ दिलं नाही. "मी तीन दिवस विचार करत बसले. माझं काय चुकलं, जास्त बोलले का..."

तेव्हा मला खरंच लाज वाटली.

"तुझं काही चुकलं नाही. मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून. हे मी कुठे वाचलेलं नाहीये, माझंच आहे."

ती फडक्याला हात पुसत राहिली. एकेक बोट. मग म्हणाली, "मी इकडेच राहणार आता. तिकडे परत येणार नाही."

"माहितीये."

"दोन तास लागतात बसला."

"दोन तास वीस मिनिटं. मध्ये चहाला थांबते."

तेवढ्यात मशिनींचा मालक टेम्पोवाल्याला घेऊन आला. "पाच चढवायच्या ना, ताई? ही भंगारात जाईल."

"ही पण घे," मी तिला म्हणालो.

"कशाला? मेलीये म्हटलं ना."

"मी करतो. दर रविवारी येऊन... थोडी थोडी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "खरं सांग. होईल दुरुस्त?"

मी चाक पुन्हा एकदा फिरवलं. आतला दांडाच वाकला होता.

"खरं सांगू? नाही होणार."

"किती रविवार लागतील?"

"बरेच."

ती टेम्पोकडे वळली. कान लाल झाले होते, आवाज मात्र सुपरवायझरचाच.

"दादा, सहाही चढवा. आणि ही शेवटची जरा जपून."