घाटात सोडलेली द्वारका

पिशोरच्या वाचक बायकांचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधीच सांगून टाकते. आता जवळ सरका. आणि ते दार असू द्या लावलेलंच.

माझ्या कादंबरीवर त्यांनी चर्चा ठेवली होती, म्हणून मी छत्रपती संभाजीनगरहून दुपारची एसटी पकडली. कादंबरीत दोन काळ शेजारी-शेजारी चालतात. एक आजच्या चिकलठाण्यातल्या चारुताचा, दुसरा निजामाच्या वेळच्या द्वारकेचा. द्वारका प्रेमापायी घर सोडते आणि कन्नडचा घाट चढून पिशोरला, श्रीरंगाकडे निघते. वाटेत तिची वहाण तुटते, कंदील विझतो, मागं पावलं वाजतात. तिथंच मी तिला सोडलं. समीक्षकांना हा शेवट फार आवडला. मलाही आवडला होता, खोटं कशाला बोलू!

चर्चा मालनबाईंच्या ओसरीवर झाली. म्हातारी एकटीच राहते, पण वाचायचा नाद दांडगा. कुणी सांगितलं, चारुताची पानं सरळ उलटून टाकली. कुणी म्हणाली, द्वारकेसाठी जीव तुटला. इतक्या मनापासून मला आजवर कुणी वाचलं नव्हतं. माझा ऊर भरून आला. मालनबाई तेवढ्या उंबऱ्याकडे बघत बसल्या होत्या. बायका पांगल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं, गाडीला अवकाश आहे म्हणाल्या.

दिवेलागणीला वीज गेली. ओसरीवर ओल्या पाल्याचा वास आला, मग विझलेल्या कंदिलाचा. अंगणातून कुणीतरी येत होतं. एक पाऊल पडायचं, दुसरं फरफटत यायचं. तुटकी वहाण ओढल्यासारखं...

आवाज उंबऱ्याशी थांबला.

"पुस्तक वाचल्यापासून रोज येती," मालनबाई हळूच म्हणाल्या. "तितंच थांबती."

"मालनबाई... ती मी रचलेली आहे."

"व्हय. रचलीस, अन् अंधारात सोडून आलीस. कुणी आत घेतल्याबिगर पोरीनं यावं कसं?"

त्यांनी चुलीपाशी जाऊन भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या आणला. लांबून आलेल्या लेकीसुनेवरून ओवाळतात, तसा तो तुकडा त्या रिकाम्या अंधारावरून ओवाळून बाहेर टाकला. मग उंबऱ्यावर पाणी ओतलं. पाणी दोन पावलांएवढी जागा कोरडी सोडून वाहत गेलं. ते मी या डोळ्यांनी पाहिलं.

"तू बोलीव," त्या म्हणाल्या. "तुजी हाय ती."

"ये, द्वारके," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.

मालनबाईंनी आत पाट मांडून शेजारी गूळ-पाण्याचा पेला ठेवला. वीज आली तेव्हा तो रिकामा होता. मालनबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. आता निवांत झोप लागेल, लई उपकार झाले, म्हणाल्या. उपकार कुणाचे कुणावर! माझी पोर त्यांनी घरी आणली होती.

त्या दिवसापासून वाचकांचे फोन सुरू झाले. जो तो शेवटासाठी आभार मानतो. ती म्हातारी, तो भाकरतुकडा, ते गूळ-पाणी, सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं म्हणतात. माझ्याकडच्या प्रतीत द्वारका अजून घाटातच आहे. नवी आवृत्ती निघालेलीच नाही. तरी मी त्यांचे आभार मानते. पोरगी पोचली, बस्स.

काल कन्नडहून तनुजा नावाच्या मुलीचा फोन आला. खूप भरभरून बोलली. ठेवता ठेवता अडखळली.

"ताई, ती पाणी पीत असते ना... तेव्हा तिच्या मागून आत येतो, तो कोण?"

"श्रीरंग असेल," मी म्हणाले.

"नाय हो. श्रीरंग तर आत बसलेला दाखवलाय. ह्याचं नावच नाय कुठं..."

मला घाटातली ती मागची पावलं आठवली. तीही मीच लिहिली होती. आणि भाकरतुकडा आम्ही एकीवरूनच ओवाळला होता.

कालपासून मालनबाईंना फोन लावते आहे. पलीकडून उचलला जातो, पण बोलत कुणी नाही.